औषधनिर्माणशास्त्राचा अभ्यास : विषय अनेक, जबाबदारी एक

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी वर्षानिमित्त विद्यार्थ्यांसाठी आयोजित मार्गदर्शन वर्गातील व्याख्यान)



बारावी विज्ञान शाखेचा निकाल लागला की घराघरांत प्रवेशाची चर्चा सुरू होते. ज्या घरी औषधाचे दुकान आहे, तेथे ही चर्चा फार लांबत नाही. ‘फार्मसी कर, म्हणजे दुकानाला प्रमाणपत्र होईल,’ असे वडीलधारे सहज म्हणून जातात. दोन वर्षांची पदविका, चार वर्षांची पदवी किंवा सहा वर्षांचा फार्म. डी. यांपैकी एक मार्ग निवडला जातो. पुस्तके येतात, पांढरा कोट येतो, आणि पहिल्याच महिन्यात विद्यार्थी गोंधळून जातो. फार्मास्युटिक्स, फार्मास्युटिकल केमिस्ट्री, फार्मॅकॉग्नोसी, फार्मॅकोलॉजी, शरीररचना, सूक्ष्मजीवशास्त्र, कायदा अशी विषयांची रांगच समोर उभी राहते. यांतले महत्त्वाचे कोणते, परीक्षेपुरते कोणते, आणि पुढे दुकानात वा कारखान्यात उपयोगी पडणारे कोणते, हा प्रश्न त्याला पडतो.

या प्रश्नाचे उत्तर पाठ्यपुस्तकाच्या अनुक्रमणिकेत सापडत नाही. ते एका बाटलीत सापडते. ती बाटली मुंबईतली आहे, आणि तिच्यापासूनच आरंभ करणे योग्य ठरेल.

१९८६ सालची बाटली

१९८६ सालच्या जानेवारी-फेब्रुवारी महिन्यांत मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात काही रुग्णांना ग्लिसरीन पाजण्यात आले. मेंदूवरील किंवा डोळ्यातील वाढलेला दाब उतरविण्यासाठी ते तोंडावाटे देण्याची रीत होती. त्यात नवे किंवा धाडसी असे काही नव्हते. परंतु हे रुग्ण सुधारण्याऐवजी खालावत गेले. लघवी कमी होत बंद झाली, मूत्रपिंडे निकामी झाली, आणि चौदा जणांचा मृत्यू झाला. तपासणीत असे आढळले की, त्या ग्लिसरीनमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल हे औद्योगिक वापराचे विषारी द्रव्य मिसळलेले होते. पुढे न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांच्या आयोगाने या प्रकरणाची चौकशी केली. खरेदी, तपासणी आणि देखरेख या तिन्ही ठिकाणची शिथिलता त्या अहवालामुळे चव्हाट्यावर आली.

बाटलीवर ‘ग्लिसरीन’ असे लिहिलेले होते. डॉक्टरांनी ते वाचले, परिचारिकेने वाचले, रुग्णाने विश्वासाने प्राशन केले. लेबल आणि आतील द्रव्य यांच्यात जी तफावत होती, ती शोधण्याचे शास्त्र त्या काळी उपलब्ध होते. ते वापरले मात्र गेले नाही. औषधनिर्माणशास्त्राचा संपूर्ण अभ्यासक्रम म्हणजे हीच तफावत पडू न देण्याची विद्या होय. हे एकदा ध्यानात आले की, विषयांची ती लांबलचक रांग विस्कळीत वाटत नाही. प्रत्येक विषय त्या बाटलीला एकेक प्रश्न विचारतो.

पहिला प्रश्न : आत खरोखर काय आहे?

हा प्रश्न फार्मास्युटिकल केमिस्ट्री आणि औषध-विश्लेषण हे विषय विचारतात. ग्लिसरीन आणि डायएथिलीन ग्लायकॉल ही दोन्ही द्रव्ये रंगहीन, दाटसर आणि चवीला गोडसर असतात. डोळ्यांनी, नाकाने वा जिभेने त्यांतला भेद ओळखण्याचा प्रयत्न करणे व्यर्थ आणि धोक्याचे आहे. परंतु शुद्ध ग्लिसरीनचे एक मिलिलिटर सुमारे १.२६ ग्रॅम भरते, तर तेवढ्याच डायएथिलीन ग्लायकॉलचे वजन सुमारे १.१२ ग्रॅम भरते. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला जी घनतेची लहानशी बाटली हाताळावयास मिळते, तीच येथे शंकेची पहिली खूण देऊ शकते. दोन्ही द्रव्ये एकमेकांत मिसळलेली असतील तर एवढ्यावर भागत नाही. तेथे क्रोमॅटोग्राफीची चाचणी करावी लागते. औषधकोशाने, म्हणजे फार्माकोपियाने, ग्लिसरीनमधील या विषाची कमाल मर्यादा ०.१ टक्का इतकी अल्प ठेवलेली आहे.

विद्यार्थ्याला टायट्रेशन कंटाळवाणे वाटते. ब्युरेटमधील थेंब मोजण्यात काय मोठे, असे त्याला वाटते. म्हणून काही जण मित्राच्या वहीतील आकडे उतरवून घेतात, काही जण उत्तर आधी ठरवून आकडे मागाहून बसवतात. महाविद्यालयात यामुळे फार तर दोन गुण जातात. परंतु न केलेल्या चाचणीचा आकडा लिहिण्याची सवय तेथेच हाताला लागते, आणि तोच हात पुढे कारखान्याच्या प्रयोगशाळेत ‘तपासले, योग्य आढळले’ या शेऱ्याखाली सही करतो. प्रॅक्टिकलची वही हा नीतीचा पहिला पाठ आहे, तो असा.

दुसरा प्रश्न : औषध या रूपात का आहे?

हा फार्मास्युटिक्सचा प्रांत. औषधाची गोळी, सिरप, मलम किंवा इंजेक्शन का करावे लागते, आणि त्यात मूळ औषधाखेरीज आणखी काय घालावे लागते, हे येथे शिकविले जाते. नेहमीच्या पॅरासिटामॉलचे उदाहरण घ्यावे. एक ग्रॅम पॅरासिटामॉल विरघळण्यास साधारण ७० मिलिलिटर पाणी लागते. म्हणजे ५ मिलिलिटर पाण्यात जेमतेम ७० मिलिग्रॅम मावते. बालकांच्या औषधात मात्र तेवढ्याच ५ मिलिलिटरमध्ये १२० किंवा २५० मिलिग्रॅम हवे असते. यावर दोन उपाय आहेत. एक तर ग्लिसरीन, प्रॉपिलीन ग्लायकॉल यांसारखे साहाय्यक द्रावक वापरून औषध विरघळवावे, किंवा त्याचे बारीक कण द्रवात तरंगत ठेवून सस्पेन्शन करावे. सस्पेन्शन असेल तर कण तळाशी बसतात. म्हणूनच ‘वापरण्यापूर्वी बाटली हलवावी’ ही सूचना असते. न हलवता दिल्यास पहिल्या दिवशी बाळाला औषध कमी मिळते आणि अखेरच्या दिवशी जास्त मिळते. लेबलावरील चार शब्दांमागे अख्खे प्रकरण उभे असते, ते असे.

या साहाय्यक द्रव्यांकडे दुर्लक्ष केल्यास काय होते, हे अमेरिकेने १९३७ साली अनुभवले. सल्फानिलामाइड हे त्या काळचे गुणकारी जंतुनाशक औषध होते. ते द्रवरूपात देता यावे म्हणून एका कंपनीने ते डायएथिलीन ग्लायकॉलमध्ये विरघळविले, त्याला रासबेरीची चव दिली आणि ‘एलिक्सिर’ या नावाने विकले. रंग, वास, चव सर्व तपासले गेले. ते विषारी आहे का, एवढेच तपासले गेले नाही. शंभरहून अधिक माणसे दगावली आणि त्यांत लहान मुले पुष्कळ होती. मूळ औषध निर्दोष होते, घात केला तो द्रावकाने.

तिसरा प्रश्न : शरीरात गेल्यावर काय घडते?

याचे उत्तर फार्मॅकोलॉजी देते. औषध शरीरात शोषले जाते, रक्तावाटे पसरते, यकृतात त्याचे रूपांतर होते आणि ते बहुधा मूत्रपिंडावाटे बाहेर पडते. या चार पायऱ्या विद्यार्थ्याने पाठ केलेल्या असतात, परंतु त्या जोडलेल्या नसतात. डायएथिलीन ग्लायकॉलचे यकृतात रूपांतर होऊन डायग्लायकॉलिक आम्ल तयार होते आणि ते मूत्रपिंडाच्या पेशींचा नाश करते. म्हणून त्या रुग्णांची लघवी बंद झाली. रसायनशास्त्राच्या तासाला फळ्यावर काढलेली रचना आणि रुग्णालयातील खाटेवरचा माणूस यांना जोडणारा दुवा हा असा असतो.

मात्रेचे गणितही याच विषयातले. समजा, १० किलो वजनाच्या बाळाला ताप आहे आणि डॉक्टरांनी किलोमागे १५ मिलिग्रॅम, म्हणजे १५० मिलिग्रॅम पॅरासिटामॉल सांगितले आहे. दर ५ मिलिलिटरमध्ये १२० मिलिग्रॅम असलेल्या सिरपचे यासाठी सव्वासहा मिलिलिटर द्यावे लागतील. २५० मिलिग्रॅमचे सस्पेन्शन असेल तर ३ मिलिलिटर पुरतील. आणि एका मिलिलिटरमध्ये १०० मिलिग्रॅम असलेले थेंबांचे औषध असेल तर केवळ दीड मिलिलिटर पुरे होईल. आता आईने गेल्या वेळच्या सवयीने थेंबांच्या बाटलीतील सव्वासहा मिलिलिटर पाजले तर बाळाच्या पोटात ६२५ मिलिग्रॅम जाते. म्हणजे मात्रा चौपटीहून अधिक होते, आणि पॅरासिटामॉलचा अतिरेक थेट यकृतावर आघात करतो. तिन्ही बाटल्यांवर औषधाचे नाव एकच असते. भेद असतो तो लहान अक्षरांतील आकड्यांत. ते आकडे आईला दाखवून, मापाच्या झाकणावर वा पिचकारीवर बोटाने खूण करून सांगणे, हे फार्मासिस्टचे कर्तव्य आहे. त्याला लागणारा वेळ एक मिनिटाचा आहे.

चौथा प्रश्न : मूळ कोठले?

फार्मॅकॉग्नोसी, अर्थात वनस्पतिजन्य व अन्य नैसर्गिक औषधद्रव्यांचे शास्त्र, हा विषय विद्यार्थी बहुधा पाने-मुळे ओळखण्यापुरता करतात. तथापि आपल्या परसातील अडुळशातील व्हॅसिसीन या द्रव्याच्या धाग्यावरूनच ब्रोमहेक्सिन आणि पुढे अ‍ॅम्ब्रोक्सॉल ही कफ पातळ करणारी औषधे तयार झाली. कुंपणावरच्या सदाफुलीने व्हिनक्रिस्टीन आणि व्हिनब्लास्टीन ही कर्करोगावरील औषधे दिली. सर्पगंधेचे मूळ आपल्याकडे परंपरेने वापरले जात होते. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी उच्च रक्तदाबाच्या रुग्णांवर त्याचा पद्धतशीर अभ्यास केला आणि १९४९ साली ब्रिटनच्या हृदयविषयक नियतकालिकात तो प्रसिद्ध केला, तेव्हा जगाचे लक्ष तिकडे वेधले गेले. १९५२ साली त्यातून रेसरपीन वेगळे करण्यात आले. त्याच औषधाने काही रुग्णांच्या मनाला विषण्णता येते, हेही पुढे दिसून आले आणि त्याचा वापर मागे पडला.

यातून दोन गोष्टी शिकाव्यात. परंपरेतील ज्ञान मोलाचे आहे, आणि ते मोजून-पारखून घेतल्यावरच औषध होते. ‘झाडपाल्याचे आहे, अपाय काय होणार’ हे वाक्य दुकानाच्या फळीपलीकडून रोज ऐकू येते. सर्पगंधेचा इतिहास माहीत असलेला फार्मासिस्ट त्याला मान डोलावणार नाही.

पाचवा प्रश्न : निर्जंतुक आहे का?

सूक्ष्मजीवशास्त्राचे महत्त्व सांगण्यासाठीही मुंबईतूनच निघालेली एक बाटली पुरेशी आहे. वाल्देमार हाफकिन यांनी १८९७ साली मुंबईत प्लेगची लस सिद्ध केली आणि ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. पाच वर्षांनी, १९०२ साली, पंजाबातील मुलकोवाल या गावी एका बाटलीतून लस घेतलेल्या १९ जणांना धनुर्वात झाला आणि ते सर्व मरण पावले. दोष प्रयोगशाळेवर आला, हाफकिन यांना पदावरून दूर व्हावे लागले. त्याच दिवशी अन्य बाटल्यांतून लस घेतलेले लोक मात्र सुखरूप होते. पुढे पुरावा तपासताना उघड झाले की, बाटली गावात उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच पुन्हा वापरला गेला होता. १९०७ साली हाफकिन दोषमुक्त ठरले. परळच्या त्या प्रयोगशाळेला १९२५ पासून त्यांचेच नाव आहे.

प्रयोगशाळेत १२१ अंश तापमानाला पंधरा मिनिटे ऑटोक्लेव्ह चालविताना घड्याळाकडे पाहून कंटाळणाऱ्या विद्यार्थ्याने मुलकोवालचा तो चिमटा आठवावा. शिवाय कोणत्या बाटलीतून कोणाला लस दिली, ही नोंद असल्यामुळेच निरपराध माणसावरील कलंक धुऊन निघाला, हेही ध्यानी घ्यावे. आजचा बॅच नंबर म्हणजे तीच नोंद. गोळ्यांची पट्टी कापून देताना बॅच नंबर आणि मुदतीची तारीख असलेला तुकडा अखेरपर्यंत राखून ठेवावा, असे सांगतात ते यासाठीच.

सहावा प्रश्न : कायदा काय म्हणतो?

औषधविषयक कायदा हा विषय परीक्षेच्या आदल्या रात्री कलमे पाठ करून संपविण्याचा प्रघात आहे. पण यातील प्रत्येक कलमामागे कोणाचा तरी मृत्यू आहे. १९३७च्या दुर्घटनेनंतर त्या कंपनीवर ठेवता आलेला आरोप चमत्कारिक होता. ‘एलिक्सिर’ म्हणजे मद्यार्कयुक्त औषध, आणि यात मद्यार्क नव्हता, म्हणून नाव चुकीचे, एवढाच तो आरोप. विष विकल्याबद्दल शिक्षा करण्याजोगे कलमच तेव्हा नव्हते. त्यातूनच १९३८ साली तेथे नवा कायदा आला आणि विक्रीपूर्वी औषध सुरक्षित असल्याचे दाखविणे बंधनकारक झाले. आपल्याकडे कर्नल रामनाथ चोप्रा यांच्या समितीने १९३०-३१ साली भेसळयुक्त औषधांच्या बाजाराची पाहणी केली. त्यानंतर १९४० साली औषध कायदा आणि १९४८ साली फार्मसी कायदा झाला. प्रतिजैविकांचा बेसुमार वापर रोखण्यासाठी २०१४ पासून ‘एच-१’ ही अनुसूची लागू झाली. तीतील औषध देताना डॉक्टरांचे नाव, रुग्णाचे नाव, औषध आणि त्याचे प्रमाण यांची नोंद करून ती तीन वर्षे जपावी लागते. ही नोंदवही निरीक्षकासाठी ठेवावयाची नसून, उद्याच्या रुग्णावर ते प्रतिजैविक चालावे यासाठी ठेवावयाची आहे.

सातवा प्रश्न : समोर कोण उभे आहे?

येथवरचे सहा प्रश्न बाटलीचे होते. सातवा प्रश्न माणसाचा आहे, आणि तो कम्युनिटी व क्लिनिकल फार्मसी या विषयांत येतो. याची उदाहरणे या सभागृहातील प्रत्येक कुटुंबात सापडतील.

एखाद्या आजींच्या चिठ्ठीवर ‘रात्री झोपताना एक गोळी’ असे लिहिलेले असते. आजींचा चौविहार असतो. सूर्यास्तानंतर त्या पाणीही घेत नाहीत. त्या डॉक्टरांना हे सांगत नाहीत, घरी सुनेला सांगत नाहीत. गोळ्या डबीत तशाच साठत जातात आणि पुढच्या तपासणीत चरबीचे प्रमाण उतरलेले नसते. डॉक्टर मात्रा वाढवितात. अशा वेळी फार्मासिस्टने ‘आजी, सूर्यास्तानंतर काही घेता का?’ एवढे विचारले तरी प्रश्न सुटतो. कारण ती गोळी अ‍ॅटोरव्हास्टॅटिनची असेल तर ती दीर्घकाळ कार्य करणारी आहे, दिवसा कोणत्याही एका ठरावीक वेळी घेतली तरी चालते. डॉक्टरांना दूरध्वनी करून वेळ बदलून घेता येते. व्रतही राहते आणि उपचारही होतो. येथे फार्मॅकोलॉजीतील अर्धायुष्याचे प्रकरण आजींच्या उपयोगी पडते.

पर्युषणात उपवास करणाऱ्या मधुमेही व्यक्तींचा प्रश्न अधिक गंभीर आहे. ग्लिमेपिराइडसारखी औषधे अन्न पोटात नसतानाही साखर उतरवीत राहतात. चक्कर, घाम, बेशुद्धी येथपर्यंत पाळी येऊ शकते. अशा व्यक्तीने औषध स्वतःच्या मनाने चालूही ठेवू नये आणि बंदही करू नये. पर्वापूर्वीच डॉक्टरांना भेटावे, हे तिला सांगणारा पहिला माणूस बहुधा औषधाच्या दुकानातलाच असतो.

कॅप्सूलच्या कवचाविषयीही ग्राहक विचारतात. ते कवच पुष्कळदा जिलेटिनचे, म्हणजे प्राण्यांच्या हाडा-कातड्यांपासून बनविलेले असते. वनस्पतीच्या सेल्युलोजपासून केलेले हायप्रोमेलोजचे कवचही उपलब्ध आहे. विचारणाऱ्याला फार्मासिस्टने खरे ते सांगावे. माहीत नसल्यास वेष्टन वाचून वा कंपनीकडे विचारून सांगावे, आणि पर्यायी गोळी वा सिरप आहे का हे डॉक्टरांकडून समजून घ्यावे. मात्र रुग्ण स्वतःच कवच फोडून आतील दाणे चुरून घेत असेल तर त्याला थांबविणे आवश्यक आहे. ओमेप्राझोलच्या दाण्यांवरील लेप जठरातील आम्लापासून औषधाचे रक्षण करण्यासाठी असतो. तो चुरला की औषध आम्लात नष्ट होते. श्रद्धेचा मान राखावयाचा तर शास्त्र नीट यावे लागते. अर्धवट माहितीने दोन्हींची हानी होते.

तीच बाटली पुन्हा

आता पुन्हा पहिल्या बाटलीकडे वळू. १९३७ आणि १९८६ या वर्षांनंतर हा विषय संपावयास हवा होता. तो संपला नाही. २०२२ साली आफ्रिकेतील गांबिया या देशात मूत्रपिंडे निकामी होऊन साठहून अधिक बालके दगावली. भारतात तयार झालेल्या चार सिरपांत डायएथिलीन ग्लायकॉल आणि एथिलीन ग्लायकॉल आढळल्याचा इशारा जागतिक आरोग्य संघटनेने त्या वर्षी दिला. १ जून २०२३ पासून निर्यातीपूर्वी खोकल्याच्या सिरपांची तपासणी सक्तीची झाली. तरीही २०२५ साली मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात खोकल्याच्या औषधाने वीसहून अधिक बालकांचा बळी घेतला. त्या औषधाच्या नमुन्यात हेच विष ४८ टक्क्यांहून अधिक आढळले. मर्यादा ०.१ टक्क्याची आहे, हे पुन्हा आठवावे.

१९३७ साली अज्ञान हे कारण सांगता आले असते. २०२५ साली ते सांगता येत नाही. चाचणी औषधकोशात आहे, उपकरण बाजारात आहे, ज्ञान प्रत्येक पदविकाधारकाच्या पुस्तकात आहे. उणीव आहे ती, ज्या जागी जाणता माणूस असावयास हवा, त्या जागी तो प्रत्यक्ष असण्याची.

भिंतीवरचे प्रमाणपत्र

आणि येथेच आरंभी उल्लेखिलेल्या त्या वाक्याकडे परत यावे लागते : ‘फार्मसी कर, म्हणजे दुकानाला प्रमाणपत्र होईल.’ या वाक्यात वाईट हेतू नसतो. पण प्रमाणपत्र दुकानाला मिळत नाही, माणसाला मिळते. डॉक्टरांच्या चिठ्ठीवरील औषध नोंदणीकृत फार्मासिस्टने स्वतः किंवा त्याच्या प्रत्यक्ष देखरेखीखालीच दिले जावे, असे १९४८च्या कायद्याचे बेचाळिसावे कलम सांगते. तरीही प्रमाणपत्र भिंतीवर आणि त्याचा धनी दुसऱ्या गावी, महिन्याकाठी ठरलेली रक्कम घेऊन स्वस्थ, असा प्रकार अनेक ठिकाणी चालतो, हे उघड गुपित आहे. त्या दुकानात बाळाच्या आईला थेंब आणि सिरप यांतला फरक कोण सांगणार? आजींना चौविहार कोण विचारणार? लेबल खरे आणि आतील द्रव्य खोटे, हे १९८६ सालच्या बाटलीचे वर्णन होते. फार्मासिस्ट नसलेल्या दुकानाच्या भिंतीवरील प्रमाणपत्राचे वर्णन याहून निराळे करता येत नाही.

औषधव्यवसायात समाजातील अनेक कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या आहेत. जैन परंपरेने आहार, ज्ञान आणि अभय यांच्या बरोबरीने औषधदानाला स्थान दिले आहे. औषधाचे दान मोठे खरेच, पण मुदत टळलेले, उन्हात ठेवलेले, मात्रा न समजावता हाती दिलेले औषध दान ठरत नाही. औषधाबरोबर ते देणाऱ्याचे ज्ञान आणि लक्ष यांचेही दान झाले पाहिजे, तेव्हाच घेणाऱ्याला अभय मिळते.

विद्यार्थी मित्रांनी विषयांची यादी पुन्हा एकदा उघडावी. प्रत्येक विषयाच्या शीर्षकापुढे त्याने विचारलेला प्रश्न पेन्सिलीने लिहून ठेवावा : आत काय आहे, या रूपात का आहे, शरीरात काय घडते, मूळ कोठले, निर्जंतुक आहे का, कायदा काय म्हणतो आणि समोर कोण उभे आहे. प्रयोगाच्या वहीत आलेला आकडाच लिहावा, चुकला तर चुकलेलाच लिहावा आणि प्रयोग पुन्हा करावा. प्रशिक्षणाच्या काळात गल्ल्यामागे न बसता फळीपुढे उभे राहून रुग्णांशी बोलावे. पालकांनीही मुलाला किती गुण पडले, याबरोबरच आज प्रयोग स्वतः केलास का, हे अवश्य विचारावे.

जे. जे. रुग्णालयातील त्या चौदा रुग्णांनी बाटलीवरचा शब्द खरा मानला होता. उद्या ज्यांच्या हातून औषधे जाणार आहेत, त्या विद्यार्थ्यांच्या शब्दावरही लोक असाच विश्वास ठेवणार आहेत. तो विश्वास खरा ठरविण्याचे सामर्थ्य त्यांना त्यांच्या अभ्यासातून लाभो, हीच सदिच्छा.